चालत्या तेलाचं माप

जालन्याच्या मोंढ्यात माल उतरवून उभ्या असलेल्या जुन्या डिझेल पिकअपखाली मिस्त्री सरपटत शिरला, की मी रेंगाळतो. गिअरबॉक्सच्या बगलेतलं एक बूच तो पान्यानं खोलतो, भोकात बोट घालतो, जरा वाकवतो आणि बाहेर काढून उजेडात धरतो. टोकाला तेल लागलं म्हणजे लेव्हल बरोबर. या तपासणीला गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद हवं, तेल निवलेलं हवं. गिअर ऑइलमधल्या गंधकाचा उग्र दर्प त्या बोटाला दुपारच्या भाकरीपर्यंत चिकटून राहतो, तो भाग वेगळा.

याच मिस्त्रीसमोर ऑटोमॅटिक गिअरची जुनी पिकअप आणा. सपाट जागा तेवढी कायम, बाकी सगळं उलटं. आधी गाडी चालवून तेल तापवायचं. मग इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून गिअरचा दांडा एकेका खाचेतून सावकाश फिरवून आणायचा, म्हणजे आतल्या सगळ्या वाटा तेलानं भरतात. आणि इंजिन घुरघुरत असतानाच तेल मोजायची लांब पट्टी काढून, पुसून, परत घालून, पुन्हा काढून बघायची. चालत्या यंत्रातलं तेल मोजायचं! तेल स्वस्थ बसल्यावर मोजावं, ही आपली साधी समजूत इथे सपशेल खोटी ठरते.

याचं कारण स्वयंपाकघरात सापडतं. विजेच्या रवीनं ताक करताना पातेलं धरलं नाही, तर काय होतं? रवी पातेल्याला शिवतही नाही, तरी पातेलं गरगरू लागतं. मधलं ताक रवीची ओढ पातेल्यापर्यंत पोचवतं. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये अशीच घुसळण असते, टॉर्क कन्व्हर्टर. एका बाजूचं पात्यांचं चाक इंजिनाबरोबर फिरून तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या तेलाच्या माऱ्यानं फिरतं. मध्ये तिसरं छोटं चाक असतं. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून त्याला पुन्हा कामाला लावतं, त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ जवळपास दुप्पट होतो. हरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन सुसाट फिरणारं आणि पंखा सावकाश हवा, ही त्याची अडचण होती.

जालना जिल्ह्यात ऑटोमॅटिक पिकअप शोधावी लागेल, पण टॉर्क कन्व्हर्टर शोधावा लागत नाही. कडवंचीसारख्या शेततळ्यांच्या गावात जेसीबीचं काम बघा. मुरमात बकेट रुतते, चाकं थबकतात, पण इंजिन बंद पडत नाही. पातेलं घट्ट धरलंय, रवी फिरतेच आहे.

तर, इंजिन चालू असताना पंप गिअरबॉक्सच्या तळाच्या चेंबरमधलं तेल उचलून या घुसळणीत भरत असतो. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंच तेल हळूहळू खाली उतरतं आणि पट्टी खोटं बोलते, तेल भरपूर आहे म्हणून सांगते. आणखी एक गंमत. १९८९पासून अमेरिकेतल्या डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन येऊ लागलं. हे तेच कमिन्स, ज्याचं नाव १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीनं पुण्यात आलं. त्या जुन्या ऑटोमॅटिक डॉजमध्ये पट्टी दांडा ‘पार्क’मध्ये ठेवून नाही, न्यूट्रलमध्ये ठेवून बघायची, कारण पार्कमध्ये तेल कन्व्हर्टरकडे जातच नाही. बाकी बऱ्याच कंपन्या पार्कच सांगतात. म्हणून गाडीचं पुस्तक उघडण्यात कमीपणा मानू नये.

तापवायचं कशाला, हा प्रश्न उरतो. तेल फुगतं. दहा लिटर तेल ४० अंशांवरून ८० अंशांवर गेलं, की पाव लिटरहून जास्त वाढतं, आणि पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतरच पुष्कळ गाड्यांत जेमतेम अर्ध्या लिटरचं. थंड तेल पाहून ‘फुल’पर्यंत ओतणारा माणूस जास्तीच ओततो. जास्त झालेलं तेल फिरत्या भागांना लागून फेसाळतं. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, म्हणजे पुन्हा फेसच! ताकाला फेस शोभतो, इथे घात करतो. तेल दाबलं जात नाही, फेस दाबला जातो. मग तेलाच्या दाबानं आवळले जाणारे आतले क्लच घट्ट धरत नाहीत, घसरतात आणि जळतात.

या तेलाची सगळी करामत घसरू देण्यात आणि नेमक्या क्षणी धरू देण्यात आहे. ती साधायला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळत. (मासा आपल्या सवयीनं म्हटलं, तो सस्तन प्राणी.) व्हेलवर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांची धावपळ उडाली. त्या तेलाच्या जवळ जाणारं तेल निघालं होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाच्या बियांत.

पट्टी हातात आहे तोवर टोकावरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवून बघावा. ताजं तेल लालभडक असतं. गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंगवलेलं. तपकिरी झालं आणि जळका वास आला तर क्लच भाजलेत. गुलाबी, दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय. त्या गाडीला तिथून हलवूही नये. आणि पुसायला सुताचे धागे सुटणारी चिंधी घेऊ नये. आतल्या तेलाच्या वाटा इतक्या अरुंद असतात की एखादा धागाही तिथे अडकून बसतो.