खोली कुठं घेतली?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला आणि मंत्रालयाच्या हाती एक नवी धमकी आली. ‘गडचिरोलीला टाकीन’ एवढं म्हटलं की पुरे. ज्याची बदली व्हायची तो आधी आमदाराचे उंबरठे झिजवायचा. नाहीच जमलं तर बायकामुलांना नागपुरात ठेवून एकटा रुजू व्हायचा आणि आल्या दिवसापासून जायचे दिवस मोजायचा. इथं घर कुठं बघावं, हा प्रश्न त्याला पडतच नसे.

आता हा प्रश्न पडणारी माणसं येऊ लागली आहेत. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाचा ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉईड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला होता. प्रत्यक्ष खोदकाम सुरू व्हायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तिथं पाऊणशेहून अधिक वाहनं जाळली. २०१९ मध्ये काम पुन्हा थांबलं आणि २०२१ पासून जे चालू झालं ते मोठ्या आवाक्याचं. तेव्हापासून नागपूरचे सर्व्हेअर, ओडिशा-झारखंडचे ऑपरेटर, तामिळनाडूचे फोरमन, शिवाय केमिस्ट, नर्सा, शाळामास्तर अशी सगळी मंडळी अर्ज करून, पगार ठरवून इकडं येतात. टपरीवर नव्या माणसाला गाव-आडनाव विचारून झालं की पुढचा प्रश्न येतो, ‘खोली कुठं घेतली, सर?’

नकाशावर उत्तर सोपं दिसतं. खाण डोंगरावर, पायथ्याला हेडरी, तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर एटापल्ली, पुढं तीसेक किलोमीटरवर आलापल्ली, तिच्याजवळ अहेरी. उत्तरेला वैनगंगेकाठी आष्टी आणि पोलाद कारखान्याचं कोनसरी, नंतर चामोर्शी, मग गडचिरोली. नोकरी हेडरीला असेल तर एटापल्ली, कोनसरीला असेल तर आष्टी, हिशेब मिटला. पण असा हिशेब फक्त नोकरीवर जाणाऱ्याचा असतो. त्याची ने-आण बहुधा कंपनीची बस करते, दुपारचं जेवण मेसमध्ये होतं, आजारी पडला तर साइटवर डॉक्टर असतो. घराची खरी परीक्षा दिवसभर मागं राहणाऱ्यांची होते: बायको, शाळेतलं पोर, मधुमेहाची आई. या भागात वस्ती निवडायची तर नोकरी करणाऱ्याचं मत शेवटी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेडरीपासूनच बघू. दहा वर्षांपूर्वी इथं बाहेरचा माणूस राहील असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. आज तिथं कंपनीचं काली अम्मल मेमोरिअल हॉस्पिटल आहे, सीबीएसईची लॉईड्स राज विद्यानिकेतन आहे. एकटा असाल तर कॅम्पातली खोली आणि मेस, यावर दोन वर्षं सहज निघतात. कुटुंब असेल तर मात्र दवाखाना, शाळा, दिवे, पाणी सगळं एकाच मालकाच्या हातात असतं, हे ध्यानात घ्यावं. नोकरी सुटली की त्याच दिवशी शेजारही सुटतो. भिलाई, बल्लारपूर, घुग्घुस इथल्या जुन्या कामगार वसाहतींत ज्यांची आयुष्यं गेली त्यांना हे समजावून सांगायला नको.

एटापल्ली हे तालुक्याचं ठिकाण. नगर पंचायत, तहसील, ग्रामीण रुग्णालय, महाविद्यालय, आठवडी बाजार असं सगळं थोडं थोडं आहे. भाड्याच्या खोल्या पूर्वी शिक्षक, तलाठी, पोलिस यांच्या भरवशावर चालत. आता त्यांना नवं गिऱ्हाईक मिळालंय, आणि घरभाडं भत्त्यावर हिशेब करणारा शिक्षक खाणीच्या पगारापुढं मागं सरतो. खोली बघताना लोक टाइल्स आणि संडास बघतात. इथं आधी बघायच्या गोष्टी वेगळ्या. खिडक्यांना जाळी आहे का? मागं डबकं, नाला किंवा भाताचं बांधाड किती जवळ? राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा असतो, आणि त्यात मेंदूपर्यंत जाऊ शकणारा फाल्सिपेरम भरपूर. नागपुरात ताप आला की दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढायची जी सवय असते, ती इथं पहिल्याच पावसाळ्यात सोडावी लागते. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. आशाताईकडं तपासणीचं किट असतं, म्हणून तिचं घर कुठं आहे हे घरमालकाला पहिल्या भेटीतच विचारून ठेवावं.

दुसरी गोष्ट रस्त्याची. खाणीची वार्षिक क्षमता २०२३ मध्ये एक कोटी टनांवर नेली गेली. एका ट्रकात तीस टन माल धरला तर रोजचे नऊशेहून अधिक भरलेले ट्रक होतात, आणि तितकेच रिकामे परत येणारे. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी या रस्त्याकाठच्या लोकांनी हा हिशेब कागदावर कधी केला नाही. तो त्यांच्या ओसरीवर लाल धुळीनं मांडला. जानेवारी २०१९ मध्ये एटापल्लीजवळ गुरुपल्लीला एसटी आणि खनिजाचा ट्रक यांची धडक झाली, प्रवासी दगावले, आणि चिडलेल्या लोकांनी ट्रक पेटवले. २२ जुलै २०२५ रोजी हेडरी ते कोनसरी अशी ८५ किलोमीटरची स्लरी पाइपलाइन सुरू झाली. दळलेलं खनिज पाण्यासोबत नळातून जाणार, म्हणजे ट्रक कमी होणार. पण त्याच वर्षी खाणीची मंजूर क्षमता २ कोटी ६० लाख टनांपर्यंत वाढवण्यात आली. तेव्हा रस्ता मोकळा होण्याची वाट बघत मुख्य रस्त्यावर खोली घेऊ नये. एक गल्ली आत घ्यावी, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

आलापल्ली आणि अहेरी या जुळ्या गावांकडं मी जरा झुकतो, हे कबूल करतो. आलापल्ली मुळात जंगल खात्याचं गाव. सागवानाचे डेपो, वनाधिकाऱ्यांची जुनी कौलारू घरं, सावली. जवळच सागाचं जुनं, न तोडलेलं वन आहे, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’. राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून २०१४ मध्ये ते जाहीर झालं. अहेरी सात-आठ किलोमीटरवर, आत्राम राजघराण्याचं, प्राणहिता नदीकाठचं. एसटीचा डेपो इथं, उपजिल्हा रुग्णालय इथं. बाजारात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली अशा पाच भाषा कानावर पडतात. बंगाली कुठून आली? पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकात मुलचेरा-चामोर्शी भागात वसवलं गेलं, तेव्हापासून. ताज्या मासळीची ददात नाही ती त्यांच्यामुळं. नदीपलीकडं तेलंगणा, पुलावरून कागजनगरचं रेल्वे स्टेशन गाठता येतं, ही सोय बाहेरून येणाऱ्याला फार उशिरा कळते. गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन म्हणजे उत्तर टोकाचं वडसा. अहेरीच्या माणसाला ते स्वप्नाइतकंच लांब.

हेडरीच्या नोकरीसाठी अहेरीहून रोज जाऊन-येऊन शंभराच्या आसपास किलोमीटर होतात. हिवाळ्यात जमतं. ऑगस्टात जमेलच असं नाही. इथल्या नद्या-नाल्यांना पूर आला की वाट बंद होते आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजायची सोय राहत नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी चढलं की गाव जगापासून तुटतं, हे दर पावसाळ्याचं. गोसीखुर्द धरणाची दारं उघडली की वैनगंगेचा फुगवटा नाल्यांत मागं शिरतो, आणि चामोर्शीकडं गोविंदपूरचा, शिवणीचा नाला आणि नागपूर रस्त्यावर पाल नदी वाट अडवून धरतात. म्हणून इथला अनुभवी माणूस घर दाखवायला नेताना ‘ऑफिस किती लांब’ असं सांगत नाही. ‘मधात किती नाले’ ते सांगतो. गॅसची टाकी, तांदूळ, आईच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या पुढं ठेवायच्या, ही त्या नाल्यांनी लावलेली शिस्त.

आष्टी-कोनसरीबद्दल फार लिहीत नाही, कारण ते गाव सध्या दर सहा महिन्यांनी बदलतंय. कारखाना उभा राहतोय, २०२५ च्या जुलैत शंभर खाटांच्या रुग्णालयाची, शाळेची आणि कर्मचारी वसाहतीची पायाभरणी झाली. वैनगंगेचा पूल ओलांडला की गोंडपिपरीमार्गे चंद्रपूर, हा आष्टीचा मोठा फायदा. गडचिरोली शहराचा फायदा असा की शाळा, जिल्हा रुग्णालय, गोंडवाना विद्यापीठ आणि २०२४-२५ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकाच गावात सापडतात. सरकारी कचेऱ्यांच्या ‘कॉम्प्लेक्स’च्या बाजूला सरकारी माणसांची वस्ती, ओळख व्हायला वेळ लागत नाही. पण हेडरीला काम असेल तर ते घर शनिवार-रविवारचंच.

बरीच कुटुंबं शेवटी चंद्रपुरात थांबतात. मुलांची शाळा, रेल्वे, २०१५ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय. कारणं पटण्यासारखी आहेत. मात्र चंद्रपूर म्हणजे सुटका असं धरून चालू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि गाव देशातल्या अतिप्रदूषित पट्ट्यांत वरच्या पाचांत गेलं. २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र शहराला चिकटून आहे. तुकूम, दुर्गापूर, ऊर्जानगर या वस्त्या त्याच्या शेजारच्या. ऊर्जानगरची झाडी बघून माणूस भुलतो. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला मारलं आणि लगेच दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला नेलं. दुसऱ्या टोकाला इरई नदी. २०२२ च्या पावसाळ्यात रहमतनगरसारख्या खोलगट वस्त्यांत पाणी शिरलं, आणि ते पहिल्यांदाच शिरलं असं नाही. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशा चार वेशींच्या आत गोंड राजांनी शहर बांधलं. पुराच्या रेषेबाहेर घर घेणारा आजचा माणूस त्यांच्याच अकलेनं चालतो म्हणायचं.

सरकारी नोकरांची गोष्ट निराळी. आदिवासी-नक्षलग्रस्त भागातल्या सेवेसाठी २००२ पासून एकस्तर, म्हणजे एक पायरी वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ आहे, आणि मुख्यालयी राहण्याची अटही. एकस्तर इथला, घरभाडं इथलं आणि बिऱ्हाड नागपूरला, ही व्यवस्था सर्वांना ठाऊक आहे. ‘अपडाऊन’ करणाऱ्या मास्तरांवर तोंडसुख घेणं सोपं. पण त्याच गावात मास्तरणीनं दार लावून सुरक्षित झोपावं अशी एक बरी खोली आहे का, हे मुख्यालयी राहण्याचे ठराव करणाऱ्यांनी एकदा बघावं.

विकत घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण प्लॉटवाले कारखान्याच्या आधी पोचतात. इथं थांबावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही; त्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी आणि शासनाची मान्यता लागते. नुसता पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करायचा तरी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी. नुसत्या स्टँपवर लिहून दिलेल्या कराराला काही अर्थ नसतो. सातबारा बघावा, जमीन वर्ग दोनची आहे का बघावं, अकृषक झाली का बघावं, आणि मुख्य म्हणजे एक अख्खा पावसाळा भाड्यानं काढल्याशिवाय काही घेऊ नये. हा कायदा नव्या माणसाला अडचणीचा वाटतो. तो नसता तर एटापल्लीच्या गावठाणात आज एकही माडिया घर उरलं नसतं.

कारण हे मोकळं माळरान नव्हतंच. सूरजागडचा डोंगर इलाख्यातल्या सत्तर गावांच्या ठाकूरदेवाचा; जानेवारीत तिथं यात्रा भरते. नव्या प्रस्तावित खाणींविरुद्ध तोडगट्ट्याला मार्च २०२३ पासून लोक आठ महिने ठिय्या देऊन बसले होते. तुमचा घरमालक, दूधवाला, कामाला येणारी बाई यांची खाणीबद्दलची मतं तुमच्यासारखी असतीलच असं नाही, आणि पहिल्या महिन्यात ती विचारूही नयेत. विचारायचंच तर त्यांना काय हवं ते विचारावं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी धानोरा रस्त्यावर शोधग्राम वसवलं तेव्हा दवाखाना कसा हवा हे आधी आदिवासींना विचारलं. सोबतच्या नातेवाइकांनी कुठं राहायचं, हा त्या लोकांचा प्रश्न होता. म्हणून माँ दंतेश्वरी दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा झाला.

आणि खोलीची ही शोधाशोध उलट्या दिशेनंही चालू आहे. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर १ जानेवारी २०२५ ला एसटी पहिल्यांदा धावली. त्या बाजूची पोरं आता नर्सिंगला, आयटीआयला गडचिरोली-नागपूरला जातात. वसतिगृहात जागा नसेल तर ‘स्वयं’ योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात, पण हप्ता उशिरा आणि घरमालकाला भाडं एक तारखेला हवं. शिवाय तो आडनाव विचारतो. मग दोघीतिघी मिळून कॉलेजपासून लांबची, स्वस्तातली खोली घेतात, आणि बस किती वाजता बंद होते ते आधी विचारून ठेवतात.