कर्करोगाच्या मुळाशी (लेखांक ७) : गाठीतल्या मूठभर पेशी

मागच्या लेखांकात आपण के-रास या जनुकाची ओळख करून घेतली. स्वादुपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात ९० टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये हे जनुक बिघडलेले असते आणि त्यामुळे पेशीला वाढीचा आदेश अखंड मिळत राहतो, हे पाहिले. आता पुढचा प्रश्न. बिघडलेल्या पेशींची गाठच शस्त्रक्रियेने काढून टाकली, तर आजार तिथेच संपायला हवा. बहुतेक रुग्णांत तो संपत नाही. असे का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त छळतो तो शस्त्रक्रिया करणाऱ्याला. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली आणि पुढे त्यांच्याच नावाने रूढ झालेली शस्त्रक्रिया ही पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक. स्वादुपिंडाचे डोके, त्याला लागून असलेला लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा काढायचा. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला नव्याने जोडायचे. काम कित्येक तासांचे. मुळात निदान होते तेव्हा जेमतेम १५ ते २० टक्के रुग्णच शस्त्रक्रियेच्या टप्प्यात असतात. बाकीच्यांत आजार मोठ्या रक्तवाहिन्यांना भिडलेला किंवा यकृतापर्यंत गेलेला असतो. आणि एवढे सोसूनही ज्यांची गाठ निघाली, त्यांतल्या बहुतेकांत कर्करोग पुन्हा डोके वर काढतो.

डायान सिमिओनी या अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर आणि त्याच आजाराच्या संशोधकही. त्यांचे महत्त्वाचे काम अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात झाले. तिथेच मायकेल क्लार्क आणि मॅक्स विचा यांच्या गटाने २००३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाबाबत एक गोष्ट दाखवून दिली होती. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. नवी गाठ उभी करण्याची ताकद त्यांतल्या थोड्यांतच असते. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. हरळी वरून कितीही कापली, तरी जमिनीत काशा राहिल्या की ती पुन्हा फुटतेच. स्वादुपिंडाच्या गाठीतही अशा ‘काशा’ असतील का, याचा शोध सिमिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला.

तो प्रयोग जरा जवळून पाहू. रुग्णांच्या गाठींचे ऊतक प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत वाढवले गेले. मग त्या गाठी विरघळवून पेशी सुट्या केल्या. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर नाना प्रथिने असतात. त्यांतल्या ठरावीक प्रथिनांनाच चिकटणारी, रंगाने चमकणारी प्रतिपिंडे वापरून यंत्राने पेशींचे वेगवेगळे गट पाडले आणि प्रत्येक गट वेगळ्या उंदरांना टोचला. सीडी४४, सीडी२४ आणि ईएसए ही तिन्ही प्रथिने ज्यांच्यावर होती, अशा पेशी गाठीत फक्त ०.२ ते ०.८ टक्के निघाल्या. पण त्यांतल्या अवघ्या १०० टोचल्या, तरी निम्म्या उंदरांत गाठ तयार झाली. सूक्ष्मदर्शकाखाली ती रुग्णाच्या मूळ गाठीहून वेगळी ओळखता येत नव्हती. गाठ निर्माण करण्याची त्यांची क्षमता इतर पेशींच्या शंभरपट होती. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगातल्या अशा पेशींवर सीडी२४ जवळपास नसतेच. इथे ते ठळकपणे होते. एका अवयवातली खूण दुसऱ्या अवयवाला लावून चालत नाही, हाही धडा त्यातून मिळाला.

या पेशी ओळखल्या; पण त्यांना अडवायचे कसे? त्यासाठी पेशीच्या आत आदेश कोणत्या वाटेने जातो, हे कळावे लागते. यालाच रेणवीय संदेशमार्ग म्हणतात. वरच्या पेशींत ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचा रेणू वाढलेला आढळला. गर्भात अवयव घडताना पेशी एकमेकींना जे संदेश देतात, त्यांतला हा एक. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने उंदरांत हा मार्ग औषधाने रोखला, तेव्हा गाठीभोवतीचे दाट तंतुमय आवरण विरळ झाले आणि केमोथेरपी आतपर्यंत पोहोचू लागली. आशा वाढल्या. रुग्णांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण नवे औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा खालावत होती. २०१४ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासातून कारण पुढे आले. हा रेणूच काढून टाकला, की गाठ अधिक आक्रमक होते. जे आवरण औषधाला अडवते, तेच काही प्रमाणात कर्करोगालाही आवरून धरते.

सिमिओनींच्या प्रयोगशाळेने दुसरा एक धागा धरला, तो एटीडीसी या प्रथिनाचा. स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर वाढलेले असते. निरोगी पेशीत बीटा-कॅटेनिन हे वाढीला चालना देणारे प्रथिन गरज संपली की नष्ट केले जाते. एटीडीसी हे नष्ट होणे थांबवते, हे या गटाने २००९ मध्ये दाखवले. बीटा-कॅटेनिन साचत जाते आणि पेशी वाढत, पसरत राहते. २०१५ मध्ये पुढची कडी सापडली. एटीडीसीमुळे सीडी४४ वाढते, म्हणजे मूठभर घातक पेशींची जी खूण २००७ मध्ये मिळाली होती, तीच. २०१९ मध्ये त्याहून मोलाची गोष्ट कळली. के-रास बिघडलेल्या उंदरांतून एटीडीसी काढून टाकले, तर पाचकरस बनवणाऱ्या पेशींचे रूप पालटण्याची अगदी पहिली पायरीच रोखली जाते. याचा अर्थ, के-रास बिघडला म्हणजे कर्करोग अटळ झाला असे नाही. मधे अडवता येतील अशा जागा आहेत.

आणि अडवायला वेळही आहे. २०१० मधल्या एका जनुकीय अभ्यासानुसार, पहिल्या बिघाडापासून कर्करोगाची मूळ पेशी तयार व्हायला सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ जातो आणि ती पसरण्याजोगी व्हायला आणखी किमान पाच वर्षे. आपल्याला आजार दिसतो तो शेवटच्या दोन-तीन वर्षांत. म्हणून मला वाटते, या आजारात शस्त्रक्रियेचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकेच हे आधीचे दशक वाचायला शिकणे महत्त्वाचे आहे. जवळच्या नात्यात दोघांना हा कर्करोग झाला असेल किंवा घरात बीआरसीए-२ जनुकातला बिघाड सापडला असेल, तर जनुकीय सल्ला जरूर घ्यावा. उतारवयात अचानक जडलेला मधुमेह आणि सोबत कारणाशिवाय घटणारे वजन दिसले, तर नुसती साखरेची गोळी सुरू करून थांबू नये. डॉक्टरांना स्वादुपिंडाबद्दल स्पष्ट विचारावे.

पुढच्या लेखांकात : ज्या के-रासला औषध लागूच होणार नाही असे तीस वर्षे मानले गेले, त्याला आवरणारी औषधे कशी तयार झाली?