पाय अडला की ताल धरा
(लेखांक 5)

मागच्या आठवड्यात थरथरत्या हाताने चित्र काढण्याबद्दल लिहिलं होतं. आज पायांबद्दल.

पार्किन्सनच्या रुग्णाचा पाय नेमका दारात अडतो. अंगणात बरा चालणारा माणूस उंबरठ्याशी येतो आणि जागीच खिळतो. मग घरचे दंड धरून ओढतात आणि तोल जातो. ओढू नका. क्षणभर थांबा, ठेक्यात ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणा किंवा त्यांच्या पुढ्यात जमिनीवर खडूने आडवी रेघ मारून ती ओलांडायला सांगा. पुष्कळदा पाय उचलला जातो.

घरच्यांना हे नाटक वाटतं. ‘आता जमलं, मग मघाशी का नाही?’ पण नाटक कसलं! या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात. चालणं, बटणं लावणं, सही करणं या एरवी आपसूक होणाऱ्या हालचाली अडखळतात. बाहेरून ठेका किंवा खूण मिळाली, की मेंदूला कान-डोळ्यांकडून येणारी दुसरी वाट सापडते.

नृत्याचा उपयोग इथेच होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार 2010 पासून असे वर्ग घेत आले आहेत. अशा वर्गात सुरुवात बहुधा खुर्चीत बसूनच होते: हात लांबवणं, मान वळवणं, टाचेने ठेका धरणं. ज्यांना जमेल ते मग उभे राहतात. त्या तासापुरता माणूस पेशंट नसतो, विद्यार्थी असतो. मला तर हा फायदा चालण्याइतकाच मोलाचा वाटतो. नृत्याने चाल आणि तोल सुधारल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. आजार थांबतो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आपल्या बुऱ्हाणपुरात असा वर्ग नसला म्हणून अडत नाही. मुक्ताईनगर फार लांब नाही. तिथल्या पालखीबरोबर पंढरीला गेलेल्यांना वारकऱ्यांची पावली कशी टाकतात ते शिकवायला नको. टाळ वाजला की पाय पुढे, पुन्हा मागे. भजनी मंडळातल्या कुणाला तरी घरी बोलवा. गोळीचा असर चांगला असेल तीच वेळ धरा. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून नाचू देऊ नका. हाताशी जड, न सरकणारी खुर्ची हवी आणि शेजारी एक माणूस. मागे जाणारं पाऊल सुरुवातीला गाळा, कारण या आजारात मागे पडण्याचा धोका मोठा. उड्या आणि गिरक्या तर नकोतच.

गाणं लावायचं तर ठेका ठसठशीत हवा, फार जलदही नको. संथ आलापी ऐकायला कितीही गोड असली, तरी पायाच्या कामाची नाही.

पुढच्या आठवड्यात आवाज: तो का बारीक होत जातो आणि त्यावर गाण्याचा काय उपयोग.