दोन वादळे

अमेरिकेत दोन तऱ्हेची वादळे होतात. एक टॉर्नेडो. ही भली मोठी वावटळच. ढगातून सोंडेसारखी खाली येते, वाटेतले घर उचलून फेकते. इशारा मिळतो काही मिनिटांचा. म्हणून लोक तळघरात शिरतात.

दुसरे हरिकेन. त्यालाच आपण चक्रीवादळ म्हणतो. ते समुद्रावरून येते, शेकडो मैल पसरते. त्यात वाऱ्याइतकेच पाणी घातकी. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले. त्या वादळात हजारावर माणसे दगावली. तिथे तळघर काय कामाचे? उंच जागीच जायला हवे.

मग भयंकर कोणते? आम्ही म्हणतो, दोन्ही. पण चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळते. २०२० साली ‘निसर्ग’ वादळ रायगडला धडकले. त्याआधीच हजारो लोक हलवले होते. इशारा आला की निघावे. घर पुन्हा बांधता येते.