विमानतळाचा विस्तार आणि शहर प्रशासक : अधिकार कोणाचे, जबाबदारी कोणाची?

प्रस्तावना

मी झाशीत स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. धावपट्टीची लांबी कशी ठरवतात हे शिकवून झाले की वर्गाला दोन प्रश्न विचारतो. या धावपट्टीसाठी जमीन कोण देणार? आणि तिथल्या ओढ्याचे पाणी उद्या कुठे जाणार? या प्रश्नांची उत्तरे अभियांत्रिकीच्या पुस्तकात पूर्णपणे मिळत नाहीत. ती स्थानिक प्रशासनात शोधावी लागतात.

झाशीची धावपट्टी लष्कराच्या ताब्यात आहे. प्रवासी विमानासाठी आम्हाला सुमारे १०० किलोमीटरवरील ग्वाल्हेर गाठावे लागते, त्यामुळे येथे विमानतळाची मागणी जुनी आहे. त्यातच २०२३ मध्ये झाशीजवळच्या ३३ गावांच्या जमिनीवर नवे औद्योगिक शहर वसवण्यासाठी बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन झाले. म्हणून हा विषय आमच्या दाराशी आलेला आहे. तो समजण्यासाठी आपण जवळजवळ असाच प्रवास आधी केलेल्या नवी मुंबईचे उदाहरण पाहू.

१. अधिकारांची वाटणी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी अशी आहे :

- विमानतळांची तरतूद : केंद्र सूची, नोंद २९
- स्थानिक शासन : राज्य सूची, नोंद ५
- जमीन : राज्य सूची, नोंद १८
- मालमत्तेचे संपादन : समवर्ती सूची, नोंद ४२

म्हणजे विमानतळ केंद्राचा, जमीन राज्याची आणि त्या जमिनीभोवती राहणाऱ्या माणसांच्या गटार, रस्ता, पाणी, कचरा या गरजा महापालिकेच्या. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. नगरनियोजन, पाणीपुरवठा, घनकचरा यांसह नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय तिच्यात आहेत. विमानतळ त्यांत नाही.

महापालिकेचा कारभार प्रत्यक्षात आयुक्त चालवतो. उत्तर प्रदेशात त्याला नगर आयुक्त म्हणतात. त्याची नेमणूक राज्य सरकार करते. महापौर व नगरसेवक लोकांमधून येतात.

२. प्रशासकाच्या टेबलावर येणारी कामे

विमानतळ कुठे व केवढा, हे आयुक्त ठरवत नाही. तरीही पुढील कामे त्याला टळत नाहीत.

*(अ) इमारतींची उंची.* २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाच्या परिसरात, २० किलोमीटरपर्यंत, इमारतींच्या उंचीवर बंधन येऊ शकते. नागरी विमानतळासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे आणि लष्करी धावपट्टीसाठी संरक्षण विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बांधकाम परवानगी मात्र महापालिकेची असते. परवानगी चुकीची दिली गेली, तर भुर्दंड घर घेणाऱ्याला बसतो.

*(आ) कचरा.* विमान नियम १९३७ मधील नियम ९१ प्रमाणे विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित होतील अशा रीतीने कचरा टाकण्यास व जनावरे कापण्यास मनाई आहे. घारीसारखा पक्षी इंजिनात शिरला तर अपघात होऊ शकतो. म्हणजे विमानाची सुरक्षितता काही अंशी घंटागाडी वेळेवर येण्यावर अवलंबून असते!

*(इ) पाण्याचा निचरा.* धावपट्टी सपाट हवी, म्हणून भराव घालतात, टेकड्या कापतात, ओढे वळवतात. भरावावरचे पाणी शेजारच्या सखल वस्तीकडे धावते.

*(ई) पुनर्वसन.* २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आहे. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ ने गुणून त्यावर १०० टक्के दिलासा रक्कमही आहे. पण पैसा मिळाला म्हणजे पुनर्वसन झाले असे नाही. शाळा, स्मशानभूमी, मासेमारीची वाट यांची सोयही कोणीतरी लावावी लागते.

३. उदाहरण : नवी मुंबई

नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. जमिनी आगरी-कोळी गावांच्या गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरण पावले. पुढे संपादित जमिनीच्या १२.५ टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

विमानतळासाठी सुमारे १,१६० हेक्टर क्षेत्र ठरले. उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशा दहा वस्त्या हलवाव्या लागल्या. उलवे टेकडी कापली, उलवे नदी वळवली. या वेळी सिडकोने २२.५ टक्के विकसित जमीन देऊ केली, म्हणजे १ हेक्टरमागे २,२५० चौरस मीटर. सार्वजनिक सुविधांची वजावट झाली की हाती येणारा भूखंड त्याहून लहान असतो, हे हिशेब करताना विसरू नये. भराव सुरू झाल्यावर शेजारच्या डुंगी गावात पावसाचे पाणी घरांत शिरू लागले. संपादनाच्या यादीबाहेरचे गावही प्रकल्पग्रस्त होऊ शकते, ते असे.

४. प्रश्न विचारणारे सभागृह

८ ऑक्टोबर २०२५ ला या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हा नवी मुंबई आणि पनवेल या दोन्ही शेजारच्या महापालिकांत निवडून आलेले सभागृह नव्हते. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि पनवेलमध्ये जुलै २०२२ पासून आयुक्तच प्रशासक होते. निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. घटनेच्या अनुच्छेद २४३(यू) नुसार पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी.

प्रशासक कितीही कर्तबगार असला तरी त्याला नेमणारे सरकार आणि विमानतळाला जमीन देणारे सरकार एकच असते. “आमच्या नाल्याचे काय?” हे सरकारला ठणकावून विचारायला पाठीशी सभागृहाचा ठराव लागतो. शिवाय अनुच्छेद २४३(क्यू) नुसार एखादे क्षेत्र औद्योगिक नगरी घोषित झाले, तर तेथे नगरपालिका स्थापन केली नाही तरी चालते. नोएडात आजही निवडून आलेली महापालिका नाही. झाशीजवळच्या ३३ गावांनी हा मुद्दा जमीन देण्याआधीच समजून घेतला पाहिजे.

सारांश

विमानतळाचा निर्णय वर होतो, त्याचे परिणाम खाली उतरतात. चांगला प्रशासक ते परिणाम आधी मोजतो, लेखी मांडतो आणि लोकप्रतिनिधींसमोर ठेवतो.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या विमानतळाभोवती नकाशावर १० व २० किलोमीटरची वर्तुळे काढा. कचरा डेपो आणि उंच इमारती कुठे येतात?
२. संपादनाच्या यादीत नसलेल्या, पण भरावामुळे पाण्याखाली जाणाऱ्या गावाची जबाबदारी कोणाची असावी? कारणे द्या.
३. निवडून आलेले सभागृह नसताना प्रशासकाने लोकांचे म्हणणे कसे नोंदवावे?