पाहुण्यांनी पाहिलेले मतदान

परक्या देशाच्या निवडणुकीत ‘आंतरराष्ट्रीय निरीक्षक’ नेमके करतात काय, असे मला पुष्कळदा विचारले जाते. केनियाचे उदाहरण घेऊन सांगतो.

८ ऑगस्ट २०१७ रोजी तिथे अध्यक्षपदासाठी मतदान झाले. युरोपीय संघ, आफ्रिकी संघ, राष्ट्रकुल, अमेरिकेतले कार्टर सेंटर, सगळ्यांची पथके हजर होती. जॉन केरी, थाबो म्बेकी अशी बडी मंडळी त्यांचे नेतृत्व करीत होती. निरीक्षकांनी पाहायचे, टिपायचे. हस्तक्षेप करायचा नाही. थोडे जण काही आठवडे आधी येतात, बाकीचे मतदानापुरते.

त्यांनी पाहिले ते चांगलेच होते. लांबलचक रांगा होत्या, पण शांतता होती. १० ऑगस्टला पथकांनी प्राथमिक निवेदने काढून मतदानाची प्रशंसा केली. अधिकृत निकाल लागला ११ तारखेला! मोजणी अजून संपलेली नाही, असेही निवेदनांत होते. पण तेवढे कोण लक्षात ठेवतो? विरोधकांना वाटले, पाहुण्यांनी शिक्का मारून टाकला. घाई का झाली असावी, हे मला समजते. २००७च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मेली होती.

खरा घोळ पुढेच होता. केनियात मोजणी मतदान केंद्रावरच होते. निकाल ‘३४ अ’ या कागदावर लिहून पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतात. निवडणुकीच्या कामाला जुंपलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना अशा कागदाची किंमत सांगायला नको. केंद्रे ४० हजारांहून अधिक. उहुरु केन्याटा विजयी झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा यांतले हजारो कागद मध्यवर्ती आयोगाच्या हाती नव्हते. पराभूत उमेदवार राइला ओडिंगा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाचे सर्व्हर तपासू द्यायला सांगितले. आयोगाने ते पुरते उघडले नाहीत. १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूकच रद्द केली.

गंमत अशी, की स्थानिक निरीक्षकांनी निवडक केंद्रांवरून काढलेला अंदाज अधिकृत आकड्यांशी जुळत होता. पण बेरीज जमली म्हणून हिशेब तपासायचा नाही, असे थोडेच आहे? न्यायालयाचे म्हणणे मला पटते.

२६ ऑक्टोबरच्या फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार घातला आणि केन्याटांना ९८ टक्के मते पडली. पुढे २०२२ साली आयोगाने केंद्राकेंद्रांवरचे ‘३४ अ’ कागद थेट संकेतस्थळावर लावले. वाद तेव्हाही झाला, निकाल मात्र न्यायालयात टिकला. त्या वेळी वाहिन्या, वर्तमानपत्रे आणि घरी बसलेले साधे मतदारही ते कागद उघडून स्वतःच बेरजा करीत होते.