सेवेचें उद्यापन

काशीयात्रा करून मनुष्य घरीं परतला म्हणजे मावंदें घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. गंगाजलानें भरलेल्या गडूची पूजा होते, आप्तेष्ट जेवावयास येतात आणि पंगत उठल्यावर यात्रेची हकीकत निघते. यात्रा काशीस संपत नाहीं, ती घरच्या ओसरीवर संपते, ही जाण या चालीच्या मुळाशीं आहे. दूरच्या देशांत स्वयंसेवक म्हणून राहून परतणाऱ्या माणसांचा अनुभव पाहिला, कीं त्या जाणिवेचें मोल विशेष कळतें.

अशा सेवेचें सुपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेची 'पीस कोअर' ही संस्था. अध्यक्ष केनेडी यांनीं १ मार्च १९६१ रोजीं ती स्थापन केली. स्वयंसेवकानें सुमारें तीन महिने भाषा व काम शिकावें आणि मग दोन वर्षें परक्या देशांत, तेथल्या लोकांत मिसळून राहावें, असा तिचा क्रम ठरला. नेपाळांत तिची पहिली तुकडी १९६२ सालीं आली. शाळा, शेती, पाणीपुरवठा अशीं कामें असत, आणि डोंगरांतील खेड्यांत पोंचण्यास कित्येक दिवस पायीं चालावें लागे. अंतर्गत यादवीमुळें २००४ मध्यें थांबलेलें तेथील काम २०१२ मध्यें पुन्हां सुरू झालें.

दोन वर्षें भरत आलीं म्हणजे आवरासावर सुरू होते. अहवाल लिहावयाचे, वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची, हातांतलें काम दुसऱ्यावर सोंपवावयाचें. स्वदेशीं पुन्हां बस्तान बसवितां यावें म्हणून दरमहा बाजूस टाकलेली रक्कमहि मिळते. आरंभीं ती महिना ७५ डॉलर होती. परंतु मनाचा हिशेब या कागदांनीं मिटत नाहीं. म्हणूनच नेपाळांतील कित्येक स्वयंसेवक विमान गांठण्यापूर्वीं हिमालयांत एक अखेरची लांब पदयात्रा करीत आले आहेत. व्रत पुरें झाल्यावर आपण उद्यापन करतों, त्यांतलाच हा प्रकार.

अशा पदयात्रेस अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेची वाट प्रसिद्ध आहे. मनांगचें खोरें १९७७ पासून परदेशीयांस खुलें झालें. मर्स्यांगदी नदीच्या कांठानें चढत गेलें, कीं ३५४० मीटर उंचीवरील मनांग गांव लागतें. तेथें एक दिवस अधिक मुक्काम करण्याचा प्रघात आहे. कारण ३००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये, असें वैद्यकशास्त्र सांगतें. विरळ हवा शरीराच्या अंगवळणीं पडण्यास वेळ लागतो. घाई केल्यास डोकें दुखतें, ओकाऱ्या होतात, आणि प्रसंगीं फुप्फुसांत पाणी सांचून वा मेंदूस सूज येऊन प्राणावर बेततें. पुढें थोरोंगची खिंड येते. तिची उंची ५४१६ मीटर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. उशिरां वारा उठतो म्हणून पहाटेच्या अंधारांत निघून ती ओलांडतात आणि त्याच दिवशीं सुमारें १६०० मीटर उतरून मुक्तिनाथास येतात. १०८ धारांचें हें क्षेत्र आणि त्याखालून वाहणारी, शाळिग्रामांची कालीगंडकी यांचीं नांवें मराठी घरांस परकीं नाहींत. अलीकडे मोटाररस्त्यानें ही पायवाट बरीच आंखडली आहे.

या चालण्यांत नुसती हौस नसते. दोन वर्षें कष्टानें आत्मसात् केलेली बोली वाटेवरच्या चहाच्या दुकानांत बोलतांना, ती आतां फारशी वापरावयास मिळणार नाहीं, हें ध्यानांत येतें. निरोप घ्यावयाचा तो पावलापावलानें घेतला जातो.

घरीं जाणें मात्र पावलापावलानें होत नाहीं. खिंड चढतांना शरीरास दिवसगणिक संवय करून दिली जाते. विमान मनास तशी सवड देत नाहीं. परदेशीं गेलेल्या माणसाचें मन प्रथम हर्षित, मग खिन्न आणि पुढें स्थिर होतें, असें नॉर्वेच्या लिसगार्ड यांनीं १९५५ मध्यें दाखविलें. गुलाहॉर्न दांपत्यानें १९६३ मध्यें त्यास जोड दिली, कीं स्वदेशीं परतल्यावर हाच चढउतार पुन्हां भोगावा लागतो. कारण उघड आहे. परक्या मुलुखांत सारें निराळें असणार अशी मनाची तयारी असते. आपल्याच घरीं ती कोण करतो? परतलेल्या माणसास सारें ओळखीचें दिसतें, परंतु दोन वर्षांत घरहि पुढें गेलेलें असतें आणि तोहि. "काय, कसें काय होतें तिकडे?" असें स्नेही विचारतात, आणि उत्तर पुरें होण्याआधींच गोष्ट दुसरीकडे वळते. हा एकटेपणा डोंगरांतल्या एकटेपणाहून जड जातो.

मार्च १९२० च्या पुढें शंभर वर्षांनीं, म्हणजे मार्च २०२० मध्यें, करोनाच्या साथीमुळें सुमारें ६० देशांतील जवळजवळ ७००० स्वयंसेवकांस संस्थेनें एकदम परत बोलाविलें. कित्येकांस गांवचा निरोप घेण्यासहि अवधि मिळाला नाहीं. व्रत अर्ध्यावर सुटलें, आणि उद्यापन तर दूरच राहिलें.

संस्थेच्या तीन उद्दिष्टांपैकीं तिसरें असें, कीं परक्या लोकांची खरी ओळख आपल्या देशबांधवांस करून द्यावी. म्हणजे सेवेचा तिसरा वांटा घरीं परतल्यावरच करावयाचा असतो. मुंबईकरांस याचें जवळचें उदाहरण आहे. लिलियन कार्टर या परिचारिका १९६६ मध्यें, वयाच्या ६८ व्या वर्षीं, विक्रोळीस सेवेसाठीं आल्या आणि १९६८ मध्यें जॉर्जियांतील आपल्या लहानशा गांवीं परतल्या. पुढें त्या सभांतून भारतांतील दिवसांविषयीं बोलत राहिल्या. येथून त्यांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें, पुत्र अध्यक्ष झाल्यावर, १९७७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांस ऐकणारे भेटले, म्हणून त्यांची यात्रा पुरी झाली.

असें ऐकणें ही घरच्यांची कामगिरी आहे. परतलेल्या मुलास वा मुलीस पहिला प्रश्न सारेच विचारतात. दुसरा आणि तिसरा विचारणारें माणूस घरांत असावें लागतें. सणवार नसला तरी चालेल, गंगेचा गडूहि नको. पण एका सायंकाळीं सर्वांनीं घटकाभर स्वस्थ बसून ती हकीकत अखेरपर्यंत ऐकावी. मावंद्याचा अर्थ एवढाच आहे.